जपेल शे

सुरत बायपासला, पेट्रोलपंपाच्या पुढे, आमचं लॉन्स आहे.
धुळ्यात लॉन्स म्हणजे कार्यालय,
गवताशी त्याचा संबंध असेलच असं नाही.
आमच्याकडे होता. दहा हजार चौरस फूट.

शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला,
वहीच्या मधल्या दोन पानांवर:
मेक्सिकनला रोज पाच मिलिमीटर, म्हणजे रोज एक टँकर,
चुकला की कडेने करपत आत येतं.
कोरियनला थोडं कमी, नखरे तेवढेच.
हरळीच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
म्हणून झुलाल अप्पांना विचारलं.

ते चपला काढून गवतावर चालत गेले,
आठ-दहा पावलं. वळून म्हणाले, देख.
गवत उठत होतं, मागचं एकेक पाऊल पुसत.
"आज नको. पाय उमटेल राहिना, तवय पानी देवानं."

मी लिहिलं: पाऊल राहिलं तर.
सरांनी भोवती लाल गोल केला. एकक?

आणि द्यायचं तर असं, की वीतभर खाली जावं,
मग आठ-दहा दिवस तिकडे फिरकायचं नाही.
रोज शिंपडलं की मुळं वरच बसून राहतात,
पंगतीआधी पत्रावळ धरून बसलेल्या पोरांसारखी.
कापायचंही उंच, बोटाची दोन पेरं सोडून.
जितलं वर, तितलं खाले.

माझं लग्न निघालं ते वैशाखात.
पारा पंचेचाळीस. बोअर अर्धा तास पाणी ओकायचा,
मग नुसता खोकायचा.
पप्पा म्हणाले, वीस दिवस रोज टँकर लावू;
लोकांच्या लग्नाला हिरवं, आणि घरच्या पोरीला पिवळं?
मी वही काढली. अप्पांनी विडी विझवली.
हिशोब दोघांचा सारखाच निघाला:
तीन आठवड्यांत दोन टँकर, तेही एकदाच,
सांधे जिवंत राहतील एवढ्यापुरते.
रंगाचं काही सांगता येणार नाही.
पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
अप्पांशी चार.

आधी ते निळसर झालं, मग राखी,
मग तागाच्या पोत्यासारखं.
व्याही जागा पाहायला आले.
त्यांच्यातल्या एकाने बुटाच्या टोकाने उकरलं,
"मेलंय की हो हे."
अप्पा खाली बसले. खुरप्याने एक धावता दांडा
जमिनीतून उचलला, नखाने सोलला:
आत पांढरं, ओलसर,
कोथिंबिरीच्या देठाएवढं.
"मरेल नही शे," म्हणाले, "जपेल शे."

नवरा माझा कोल्हापूरकडचा. त्याला वाटलं,
जपून ठेवलंय. मान डोलावून म्हणाला, हो, दिसतंय.
आमच्यात जपणं म्हणजे झोपणं,
हे मी त्याला सहा महिन्यांनी सांगितलं,
आणि तेव्हाही त्या गवताला
दोनपैकी कुठला अर्थ लागतो
यावर आमचं एकमत झालं नाही.

लग्न लागलं. पिवळ्यावर अक्षता दिसल्याच नाहीत.

फोटोवाला नेरचा. न विचारता त्याने
अख्ख्या अल्बममध्ये गवत पोपटी करून दिलं,
काठापासून काठापर्यंत एकसारखं, माझ्या साडीच्या निऱ्यांतही
थोडं सांडलेलं. पप्पा खूश.
मी मूळ फोटो मागून घेतले.

त्यातला एक पाठवणीनंतरचा आहे.
खुर्च्या एकावर एक रचलेल्या, उन्हं कललेली,
आचाऱ्याचं पातेलं पालथं,
आणि गवतावर पावलंच पावलं. उठलेलं एकही नाही.
माझ्या उंच टाचांची भोकं, गाडीच्या दारापर्यंत.
वरातीतल्या पोरांची धावती, एकमेकांवर चढलेली.
आणि कडेकडेने, पाण्याच्या नळीकडे जाणारी
एक रांग,
चपला नसलेली.